पंखा तीनवर!

"मुंबईत थंडी?" असं विचारताना आपल्या होस्टेलवरच्या नागपूर, जळगाव, नाशिककर मंडळींच्या चेहऱ्यावर जे हसू उमटतं ना, त्याला उत्तर म्हणून हा लेख. (मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली असल्यामुळे माझ्या ऱ्हस्व-दीर्घाकडे जरा दुर्लक्ष करावं, ही मराठी विभागाला नम्र विनंती!)

तर मंडळी, मान्य आहे. तुमच्याकडे जानेवारीत पारा दहाच्या खाली जातो, अंगणात शेकोट्या पेटतात, शेतावर हुरडा असतो. आणि आमच्याकडे सतरा-अठरा झालं की सकाळच्या लोकलमध्ये मफलर, माकडटोप्या आणि "अहो, जरा पंखा बंद करा ना" सुरू होतं. विनोदी वाटणारच! पण थंडी नुसती आकड्यात नसते हो, ती कशानंतर येते त्यावर असते. चार महिने कपडे वाळत नाहीत. मग ऑक्टोबर, सकाळी अंघोळ करून स्टेशनवर पोचेपर्यंत दुसऱ्या अंघोळीची गरज. आणि मग एका पहाटे अचानक पाय गार पडल्यामुळे जाग येते. अहाहा! मुंबईची थंडी म्हणजे खरं तर घामाला मिळालेली सुट्टी आहे. वर्षभर घाम गाळल्याशिवाय तिची मजा कळत नाही.

आमच्या माहीमच्या घरात थंडी आली हे हवामान खात्याच्या आधी दोन गोष्टी सांगतात. एक पंखा. तो पाचवरून तीनवर आला की सीझन सुरू. (पूर्ण बंद कधीच होत नाही. डासांना कोण आवरणार?) आणि दुसरी खोबरेल तेलाची बाटली. खोबरेल साधारण चोवीस अंशाच्या खाली गोठतं. सकाळी बाटली उलटी केली आणि तेल आलंच नाही की आजी जाहीर करते, "आली गं बाई थंडी." इन्स्ट्रुमेंटेशनवाल्यांनो, याहून स्वस्त सेन्सर दाखवा!

आता थोडं इंजिनिअरिंग, नाहीतर सर म्हणतील मुलगी नुसत्या गप्पा मारते. पाण्याची विशिष्ट उष्णता मातीच्या कित्येक पट. त्यामुळे समुद्र सावकाश तापतो आणि सावकाशच निवतो. मुंबईला तीन बाजूंनी हे एवढं मोठं गरम पाण्याचं भांडं टेकवलेलं आहे, म्हणून कुलाब्याची रात्र सांताक्रूझपेक्षा नेहमी ऊबदार. मग थंडी येते कशी? हिमालयात बर्फ पडून गेलं की उत्तरेचे कोरडे वारे खाली सरकतात. तीन-चार दिवस टिकतात आणि खारा वारा परत जोर धरला की गेली! २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला पारा ७.४ अंशांवर उतरला होता. तो आजवरचा नीचांक. माझी आजी तेव्हा चौदा वर्षांची होती. चाळीतल्या सगळ्या मुलांना एका खोलीत एका शेगडीभोवती बसवलं होतं, ही तिची आवडती गोष्ट.

सांगायचा मुद्दा, ही थंडी आगाऊ नोटीस देत नाही. "सबमिशन झालं की बघू" म्हणणाऱ्याला ती मिळत नाही. अस्सल मुंबईकराची कला म्हणजे तेवढे तीन-चार दिवस बरोब्बर पकडणं. कसं? सांगते.

डिसेंबरात दहा दिवस आमच्या माहीमची जत्रा असते, मखदूम शाह बाबांच्या दर्ग्याची. पहिल्या दिवशी पोलिसांची संदल मिरवणूक निघते. रात्री दहानंतर जा, पाळण्यात बसा. वर गेल्यावर समुद्राकडून जो वारा लागतो त्यात दात वाजतात, शपथ! मग खाली उतरून गरम हलवा-पराठा. नाताळात कुणा ख्रिश्चन मैत्रिणीच्या घरी कलकल वळायला जा. काट्याच्या पाठीवर पिठाची गोळी दाबून गुंडाळायची. शाळेत असताना आम्ही दरवर्षी जायचो आणि वळण्यापेक्षा खायचोच जास्त. एकतीसला वांद्र्याच्या गल्ल्यांमध्ये पोरं गवताचा "ओल्ड मॅन" बसवून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे पैसे मागतात आणि रात्री बाराला तो जाळतात. आमची शेकोटी ती हीच!

मार्गशीर्षात कित्येक घरांत मासे बंद असतात. कोळीणमावशी वैतागलेल्या असतात, पण खाणाऱ्यांची चंगळ. जानेवारीतल्या एका रविवारी पहाटे मुंबई मॅरेथॉन असते, २००४ पासून. पळायलाच पाहिजे असं नाही. रस्त्याच्या कडेला संत्र्याच्या फोडी घेऊन उभं राहिलं तरी पुरे. अनोळखी माणूस धापा टाकत फोड उचलतो आणि "थँक्यू बेटा" म्हणतो, तेव्हा वाटतं आपणच जिंकलो.

आणि पोपटी! अलिबाग-पेण-पनवेलकडचा एक तरी मित्र आत्तापासून जोडून ठेवा. गेटवेहून मांडव्याच्या लाँचमध्ये बसलात की पाहुणे सीगल मागे लागतातच. (कृपया त्यांना वेफर्स घालू नका.) संध्याकाळी शेतावर मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, ओवा, जाडं मीठ, बटाटे, अंडी, मसाला लावलेलं चिकन, वर पुन्हा पाला. मडकं उलटं ठेवून भोवती जाळ. पाण्याचा थेंबही नाही, सगळं आपल्याच वाफेवर शिजतं. हुरड्याच्या गप्पा मारणाऱ्यांनी एकदा खाऊन मग बोलावं!

आता जरा गंभीर. या सगळ्या मजेत आजीची मजा सगळ्यात साधी होती. शाळेतून निवृत्त झाल्यापासून थंडी पडली की पहाटे साडेपाचला स्वेटर, कानाला स्कार्फ आणि शिवाजी पार्कच्या तीन फेऱ्या. मग कट्ट्यावर मैत्रिणींबरोबर थर्मासमधला चहा. वर्षभर ती त्या दिवसांची वाट बघायची. गेल्या दोन हिवाळ्यांपासून ते बंद आहे. आजीला दमा आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय, धुरकं असेल त्या सकाळी बाहेर पडायचं नाही. हिवाळ्यात रात्री जमीन निवते, गार हवा खाली बसते, वर गरम हवेचं झाकण. शहराची धूळ आणि धूर त्या झाकणाखाली अडकतात. दुपारी समुद्राचा वारा सुटेपर्यंत तसेच. म्हणजे जी थंडी आजीला सगळ्यात जास्त आवडते, तीच आता तिला घरात कोंडून ठेवते.

आम्ही यावर तोडगा काढलाय. आम्ही दोघी संध्याकाळी पाचला जातो, खारा वारा वाहत असताना. "सकाळची सर नाही गं याला," ती दर वेळी म्हणते. आणि दर वेळी येते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेतली. पालिकेनेही बांधकामांसाठी नियम काढले : भोवती पत्रे उभे करा, कापड लावा, पाणी मारत राहा. आता मला सांगा, उद्या या साइट्सवर कोण उभं असणार आहे? आपणच ना? सिव्हिलवाले तर नक्कीच. काँट्रॅक्टर म्हणेल, "मॅडम, आजच्या दिवस पाणी राहू द्या." त्या वेळी काय करायचं ते आपल्या हातात असेल. मी सिव्हिललाच आहे. मी पाणी मारायला लावणार, हे इथे लेखी देते!

असो. फार भाषण झालं. या वर्षी सेमिस्टर संपल्या संपल्या गावाला पळू नका. चार दिवस थांबा. आणि बाथरूममधली खोबरेलची बाटली रोज सकाळी उलटी करून बघत जा. तेल आलं नाही, की मला फोन करा.