हिरवा दिवा आणि उंची

मंडळी, आजचा विषय जरा वेगळा आहे. मराठी आणि इतिहास शिकवण्यात चौतीस वर्षं घालवलेली बाई विमानाच्या दिव्यांवर लिहायला बसली म्हणजे तुम्ही हसणार, हे ठाऊक आहे मला. पण डोंबिवलीला भावाकडे गेले की हल्ली माझा अर्धा वेळ विमानातच जातो. भाच्याने घरातल्या लहान खोलीत बोइंग ७३७ चं कॉकपिट उभं केलंय. प्लायवूड, जुने मॉनिटर, ढीगभर वायरी आणि अर्डुइनो नावाचं पत्त्याच्या पानाएवढं सर्किट. विमान उडतं ते संगणकाच्या पडद्यावर, दिवे मात्र इथे खरेखुरे लागतात. वहिनी त्या खोलीला ‘विमानतळ’ म्हणते.

तर या विमानतळावर मागच्या खेपेला एक दिवा रुसला. विमानाच्या तिन्ही चाकांसाठी प्रत्येकी एक हिरवा आणि एक लाल दिवा असतो. हिरवा लागला की चाक खाली येऊन पक्कं बसलं. लाल लागला की दांडा एक सांगतोय आणि चाक अजून तिथे पोचलेलं नाही. भाच्याकडे उजव्या चाकाचा हिरवाच लागेना.

मला वाटलं, एलईडी गेला असेल, बदलून टाकायचा. पाच रुपयांची तर वस्तू! पण तो म्हणाला, "थांब आत्या, आधी दिव्यांनाच विचारू." खऱ्या विमानात दिवे तपासायचं एक बटण असतं. ते दाबलं की बाकी काहीही चालू असो, सगळे दिवे एकदम लागतात. त्यानेही तसं बटण बसवलंय. दाबलं, तर दिवाळीसारखं सगळं उजळलं, फक्त तो एक सोडून. म्हणजे प्रोग्रॅम निर्दोष. तपासात दिवा लागला असता, तर दोष प्रोग्रॅममध्ये शोधावा लागला असता.

मग त्याने डावा एलईडी उजवीकडे लावला आणि उजवा डावीकडे. एलईडीतून वीज एकाच दिशेने जाते, लांब पाय धन आणि आखूड पाय ऋण. उलटा लावला तर तो चांगला असूनही लागत नाही, म्हणून पाय बघून नीट लावले. ‘गेलेला’ दिवा डावीकडे झक्क पेटला, आणि चांगला दिवा उजवीकडे अंधारात! दिवाही निर्दोष. मग मल्टिमीटर आला. आकडे वाचायचं काम माझ्याकडे. सर्किटच्या पिनवर पाच व्होल्ट. त्यातले साधारण दोन एलईडी घेतो आणि उरलेले तीन २२० ओहमचा रेझिस्टर अडवतो, नाहीतर एलईडी जळून जाईल. पण इथे दिव्याच्या पायांशी काहीच पोचत नव्हतं. शेवटी सापडलं. पॅनेल उघडतं-मिटतं तिथे बिजागरीपाशी वायर रोज वाकून आतली तार तुटली होती. वरचं प्लॅस्टिक अखंड! बोटांनी चाचपलं तेव्हा कुठे आतला मऊपणा कळला.

चहा पिताना भाच्याने एक खरी हकिकत सांगितली, आणि ती काही डोक्यातून जाईना. २९ डिसेंबर १९७२ ची रात्र. ईस्टर्न एअर लाइन्सचं ४०१ क्रमांकाचं विमान न्यूयॉर्कहून मायामीला निघालं होतं. उतरताना पुढच्या चाकाचा हिरवा दिवा लागेना. वैमानिकांनी विमान २००० फुटांवर नेलं, स्वयंचलित यंत्रणेच्या हवाली केलं आणि सगळे त्या दिव्यामागे लागले. एक जण चाक डोळ्यांनी बघायला खालच्या कप्प्यात उतरला. तेवढ्यात उंची धरून ठेवणारी यंत्रणा कुणाच्या लक्षात न येता सुटली, बहुधा दांड्याला धक्का लागून. विमान हळूहळू खाली येत राहिलं. इशाऱ्याचा आवाज झाला, तोही कुणी ऐकला नाही. खाली एव्हरग्लेड्सची दलदल, मिट्ट काळोख. १७६ पैकी १०१ माणसं गेली. चाक खाली येऊन पक्कं बसलेलं होतं. गेला होता तो फक्त दिवा.

७३७-८०० सारख्या विमानात डोक्यावरच्या पॅनेलवर हिरव्या दिव्यांचा आणखी एक संच असतो. दोन्हींपैकी कुठलाही एक लागला तरी ते चाक पक्कं समजायचं. शहाणपणाचीच सोय म्हणायची.

आता मुद्द्यावर येते. हे गेल्यापासून मी पुण्यात एकटी राहते. लेक टोरोंटोला. रोज सकाळी आठला मी तिला ‘सुप्रभात’ पाठवते. तिथे तेव्हा आदल्या दिवसाची रात्र असते. ते बघितलं की ती झोपते. तो माझा हिरवा दिवा. जूनमध्ये एकदा इमारतीचं इंटरनेट दिवसभर बंद होतं. पोरगी रात्रभर जागी! तेव्हापासून आम्ही दुसरा संच बसवलाय. आठनंतरही माझ्या दाराला दुधाची पिशवी लटकलेली दिसली, तर शेजारच्या वहिनी बेल वाजवतात.

पण ४०१ ची गोष्ट ऐकल्यावर मी लेकीला वेगळंच सांगितलं. सहा महिने ‘सुप्रभात’ रोज वेळेवर जात होतं, आणि त्याच सहा महिन्यांत माझं वजन पाच किलोने उतरलं होतं. दिव्यात खोट नव्हती. आई जागी आहे, एवढंच तो सांगत होता. ती गप्प झाली आणि मग म्हणाली, "आई, उद्याच डॉक्टरांकडे जा." तपासण्या झाल्या, थायरॉईड निघाला, गोळ्या सुरू आहेत.

आता दर रविवारी ती फोनवर विचारते, "उंची किती?" मी काट्यावर उभी राहून आकडा वाचते. या रविवारी दीड किलो वर आहे.

तुमच्या घरी कुणी एकटं राहत असेल, तर रोजचा निरोप बघाच. पण आठवड्यातून एकदा उंचीही विचारा.