गाडी बसली, चाक उठलं

ऑक्टोबर संपत आला असताना मी आपाकडे डिअरबॉर्नला गेलो. फोर्डचं गाव. भाच्याकडे २०१२ची मस्टँग जीटी, काळी. मोठ्या कौतुकाने त्याने ती दाखवली. स्प्रिंगा बदलून दीड इंच खाली बसवलेली. टायर आणि मडगार्डमध्ये दोन बोटंसुद्धा जात नव्हती.

दुसऱ्या सकाळी वॉरन अव्हेन्यूवरच्या बेकरीत नाश्त्याला निघालो. आपा पुढे, मी मागे मान वाकवून. (त्या सीटला सीट म्हणणं हे कंपनीचं धाडस.) पाऊस भुरभुरत होता. सिग्नल हिरवा झाला, भाच्याने डावीकडे वळत जरा जास्त पाय दिला आणि मागची चाकं जागच्या जागी धडधडत उड्या मारायला लागली. शेपूट सरकली. समोरून येणारी व्हॅन हॉर्न वाजवत आपाच्या दारापासून हातभर अंतरावरून गेली. आपा ओरडली नाही. तिने नुसतं दार धरलं आणि घरी येईपर्यंत सोडलं नाही.

"मामू, पॉवर जास्त आहे ना, म्हणून," भाचा म्हणाला.

माझे अब्बा चिपळूणला मिस्त्री होते. एका पोराने फियाट खाली दिसावी म्हणून मागचा एकेक पाटा काढून घेतला होता. पहिल्याच पावसात कुंभार्ली घाटाच्या चढावर चाकं अशीच नाचली, तेव्हा गाडी परत आली. अब्बा पाटा पुन्हा बसवताना म्हणाले होते, "गाडी बसली की चाक उठतं." मला ते तेव्हा कळलं नव्हतं. ते कळायला मी मिशिगनमध्ये, भाच्याच्या गॅरेजमध्ये, पाठीवर झोपून गाडीखाली गेलो.

२०१४पर्यंतच्या बहुतेक मस्टँगला मागे अखंड ऍक्सल आहे. चाकांचा जोर सांगाड्यापर्यंत मुख्यतः दोन खालच्या आर्म्समधून पोचतो. आर्मचं पुढचं टोक सांगाड्याला, मागचं ऍक्सलला. पुढचं टोक जरा वर असेल तर तो जोर गाडीची शेपूट वर रेटतो, आणि वर रेटताना चाकाला खाली दाबतो. भाच्याने सांगाडा दीड इंच खाली आणला, ऍक्सल मात्र होता तिथेच राहिला. आता आर्मचं पुढचं टोक खाली, मागचं वर. तोच जोर शेपटीला खाली खेचतो आणि चाकाखालचा दाब ऐन गरजेच्या क्षणी सैल पडतो. चाक निसटतं, पकडतं, परत निसटतं, त्या उड्या. मागे एकूण किती वजन जाणार हे फारसं बदलत नाही. ते कसं आणि किती झटकन पोचतं ते बदलतं.

यावर उपाय साधा आहे. ऍक्सलवर बोल्टने बसणाऱ्या ब्रॅकेटी मिळतात. त्यांना आर्मच्या मागच्या टोकासाठी खाली नवी भोकं असतात. आर्मचा उतार परत येतो. भाच्याने त्या मागवल्या. मी त्याला म्हटलं, आधी टायर बघ. उन्हाळी परफॉर्मन्स टायर होते. साधारण सात अंशांच्या खाली त्यांचं रबर कडक होतं, आणि त्या सकाळी पाच अंश होते. वर हवा चाळीस पौंड. "मायलेजसाठी," म्हणे! खाली बसवलेल्या गाडीत स्प्रिंगेला हलायला जागा आधीच कमी, आतला रबरी ठोकळा लवकर टेकतो. त्यात टायरही फुगवून दगड केलेला.

रविवारी काम काढलं. गाडी घोड्यांवर, आर्म सुटले, ब्रॅकेटी बसल्या. भाचा व्हिडिओ बघून सगळं करत होता आणि मला त्यातलं काहीच शिकवता येत नव्हतं. मग तो ऍक्सल लोंबकळता ठेवूनच आर्मचे बोल्ट शेवटचे आवळायला लागला, आणि मी "थांब" म्हणालो. तसे आवळले तर आतलं रबरी बुश त्याच अवस्थेत अडकतं, आणि गाडी जमिनीवर आली की कायमचं पिळलेलं राहतं. लवकर फाटतं. अब्बा पाट्यांचे बोल्ट गाडीचा भार चाकांवर आल्यावरच पक्के करत. आम्ही घोडे ऍक्सलखाली घेतले, भार येऊ दिला, मग आवळले.

"हे व्हिडिओत होतं का?" त्याने स्वतःलाच विचारलं आणि मागे जाऊन बघितलं. होतं. त्याने ती दहा सेकंदं पुढे ढकलली होती.

गाडी खाली आणताना ऍक्सल एका बाजूला काही मिलिमीटर सरकला आहे. त्यासाठी लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हवा, तो नंतर येईल. माझं मत विचाराल तर गाडी अर्धा इंच वर घ्यावी. भाचा ऐकणार नाही.

हिवाळी टायर चढले, हवा पस्तीसवर आली. रिकाम्या पार्किंगमध्ये, ओल्या डांबरावर, त्याने तसाच पाय देऊन बघितला. चाकं एकदा किंचित फिरली आणि धरली. धडधड नाही.

परत येताना आपाला घ्यायला थांबलो. ती पुढे बसली, पट्टा लावला आणि दाराचं हँडल धरलं.