दोर खाली आला तेव्हा

वयाच्या ५४व्या वर्षी दोराला लटकायची पाळी येईल, असं कुणी सांगितलं असतं, तर मी त्याला वेड्यातच काढलं असतं. पण लास व्हेगासला राहणारी माझी लेक हट्टालाच पेटली. "आई, इथे येऊन नुसत्या पोळ्याच लाटत बसणार का?"

युटा राज्यातल्या झायन नॅशनल पार्कमध्ये ‘कीहोल’ नावाची घळ आहे. पुराच्या पाण्याने वालुकाश्म चिरून केलेली. काही ठिकाणी दोन्ही हात पसरायलाही जागा नाही. आत जायला परवाना लागतो. तो घेताना लेकीने हवामानाचा अंदाज दोनदा वाचला. मी म्हटलं, "आभाळ तर निरभ्र आहे की!" पण इथे डोक्यावरचं आभाळ बघून भागत नाही. दूरवर पडलेला पाऊस उघड्या खडकांवरून घसरत थेट अशा फटीत शिरतो. सप्टेंबर २०१५मध्ये याच घळीत पुराने सात जणांचा बळी घेतला. हे तिने मला आदल्या रात्रीच का सांगितलं, कोण जाणे! डोळ्याला डोळा लागला नाही.

बाहेर जूनचं रणरणतं ऊन आणि अंगात जाड रबरी पोशाख. मसाला ठासून भरलेल्या वांग्यासारखी मी चालत होते. पहिल्या कड्याशी आलो. दोर कडीतून ओवून दुहेरी सोडतात. शेवटचा माणूस उतरला, की एक टोक ओढून तो खाली घ्यायचा, कारण पुढच्या कड्याला तोच लागतो. म्हणजे परतीची वाट बंद.

माझ्या कमरेचा पट्टा तपासत लेक हळूच म्हणाली, "आई, नको वाटत असेल तर आत्ताच परत फिरू. मला काही वाटणार नाही."

बारा वर्षांपूर्वी मुंबईच्या विमानतळावर मीही तिला म्हटलं होतं, "नाही जमलं तर परत ये." तिला ते फार लागलं होतं. कितीतरी दिवस ती फोनवर तुटक बोलत होती. मी काळजीपोटी बोलले होते हो, पण तिने ऐकलं ते वेगळंच. आता त्याच शब्दांनी मलाही राग आला!

"उतरते मी," म्हटलं.

कडा २५-३० फुटांचाच असेल, पण पाय कापत होते. तिची मैत्रीण आधीच खाली पोहोचली होती. मागून लेक उतरली आणि तिने दोराचं टोक माझ्या हातात दिलं. "तूच ओढ."

मी ओढला. सळसळत तो पायाशी येऊन पडला.

पुढे काळोखी चिंचोळी वाट आणि बर्फासारखं पाणी. लहानपणी विहिरीत पोहायला शिकले होते, ते कामी आलं. दात वाजत होते, पुढून लेकीची हाक येत होती, "आहेस ना गं?"

बाहेर तापलेल्या खडकावर आम्ही आडव्या झालो. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, "विमानतळावर तू म्हणाली होतीस ना..."

"हो," मी म्हटलं, आणि डबा उघडून थालीपीठ तिच्यापुढे केलं. ओल्या हातांनी तिने अर्धं मोडून मला दिलं.