निलंबूरचा साग

केरळात शोरणूरहून निलंबूरकडे जाणारी गाडी ठिकठिकाणी सागाच्या सावलीतून धावते. ब्रिटिशांनी हा फाटा टाकला तो मुख्यतः इथलं लाकूड बाहेर न्यायला. त्याआधी ते काम चालियार नदी करायची. हत्ती ओंडके काठापर्यंत ओढत आणि पुढे प्रवाह ते बेपूरच्या मुखाशी पोचवी. ओला साग जड, पाण्यात बुडणारा. म्हणून ओंडके वाळवून सोडायचे, नाहीतर बांबू बांधून तरंगते ठेवायचे.

मलबारचा हा साग समुद्रमार्गे मुंबईच्या गोदीत येई. जमशेटजी बोमनजी वाडियांनी 1817 साली ब्रिटिश नौदलासाठी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ याच लाकडाची. ती इंग्लंडमध्ये हार्टलपूलला आजही पाण्यावर उभी आहे. इंग्लंडची जहाजं एरवी ओकची. पण ओकमधल्या आम्लाने लोखंडी खिळे गंजतात, सागाच्या तेलात ते टिकतात. त्यात नेपोलियनशी लढताना इंग्लंडला ओक पुरेना. 1806 साली कॅप्टन वॉटसनला मलबारचा वनरक्षक नेमलं ते जंगल राखायला नव्हे, नौदलाला लाकूड पुरवायला. 1823 मध्ये ते पद रद्द झालं, पण तोवर जंगलाचे लचके तोडून झाले होते.

मला इथे रामचंद्रपंत अमात्यांचं मराठेशाहीतलं आज्ञापत्र आठवत राहिलं. आरमाराला लाकूड हवंच, पण आंबा-फणसाला हात लावू नका, रयतेने ती झाडं लेकरांसारखी वाढवलेली असतात, असं त्यात बजावलं आहे. तोडणाऱ्याने लावणाऱ्याचा विचार करायचा, ही समज मलबारात फार उशिरा आली.

ती आणली कलेक्टर कॉनोली यांनी. 1840 च्या दशकात त्यांनी सागाची लागवड सुरू केली. बी रुजेना, पहिले प्रयत्न फसले. त्यांच्या हाताखालच्या चातू मेनन यांनी रोपं तगवून दाखवली. लागवडीवर पाटी मात्र कॉनोलींच्या नावाची आहे, आणि हे मला खटकतं.

चालियारपलीकडच्या या लागवडीच्या राईत बुंधे कवेत मावत नाहीत. खाली उगवलेल्या रोपाचं कोवळं पान चुरगाळलं, तर बोटं लालभडक झाली. ही झाडं जहाजाजोगी होईपर्यंत युद्धनौका लोखंडाच्या झाल्या होत्या. तरी कुऱ्हाड चुकली नाही. दुसऱ्या महायुद्धात इथला बराच साग पडला. जुन्या लागवडीतले 2.31 हेक्टर तेवढे राखून ठेवले आहेत.

बेपूरला अजून उरू, म्हणजे मोठी लाकडी गलबतं, बांधली जातात. तयार झालेलं धूड खलाशी दोर आणि कप्प्यांच्या बळावर, एका सुरात हाका देत, चालियारच्या पाण्यात उतरवतात.