टाकी, ठिणगी आणि विश्वासार्हता

मराठी समीक्षेत 'विश्वासार्हता' हा शब्द येतो तो बहुधा निवेदकाच्या सोबतीने. वेन बूथ यांनी १९६१ साली 'द ऱ्हेटरिक ऑफ फिक्शन' या ग्रंथात अविश्वसनीय निवेदकाची संकल्पना मांडली आणि तेव्हापासून, सांगणाऱ्यावर भरवसा किती ठेवावा, हा प्रश्न साहित्याच्या वर्गात कधी ना कधी उभा राहतोच. मोटारींच्या बाजारातही हाच शब्द चालतो. तिथे त्याचा अर्थ साधा असतो : थंडीच्या सकाळी किल्ली फिरवली की इंजिन सुरू व्हावे, आणि भर रस्त्यात गाडीने दगा देऊ नये. या दोन अर्थांचा एकमेकांशी काही संबंध असेल, असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आम्हांस तो संबंध एका अमेरिकन पिकअप ट्रकच्या हकिगतीत दिसला, आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ती हकिगत माहीत करून घ्यावी असे वाटल्यामुळे हे लिहीत आहोत.

हा ट्रक जनरल मोटर्सचा. शेव्हरोले आणि जीएमसी या दोन नावांनी विकली जाणारी ही 'सी/के' मालिका. 'सी' म्हणजे मागच्या दोन चाकांना गती देणारी, 'के' म्हणजे चारही चाकांना. पुढे तिघांपुरते एक सलग बाक आणि मागे उघडा हौदा, अशी तिची रचना. १९७३ ते १९८७ या मॉडेल-वर्षांत तिच्या ९० लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या. शेतकरी, सुतार, नळकाम करणारे, रस्त्यावरचे बर्फ हटवणारे अशा कष्टकऱ्यांची ही गाडी होती. तिचे नेहमीचे दुखणे म्हणजे गंज. हिवाळ्यात जिथे रस्त्यांवर मीठ टाकतात, तिथे चाकांवरच्या कमानी, दारांचे तळ आणि केबिनचे खालचे कोपरे खाल्ले जात. इंजिनाची कीर्ती मात्र निराळी होती. आठ सिलिंडरांचे ते इंजिन साध्या बांधणीचे. सुटे भाग स्वस्त आणि कुठेही मिळणारे. खेड्यातल्या मेकॅनिकलाही ते उघडून दुरुस्त करता येई. नीट निगा राखली तर लाख-दीड लाख मैल चालूनही ते थकत नसे. आज 'स्क्वेअर बॉडी' या लाडक्या नावाने हौशी मंडळी या गाड्या हुडकतात आणि हौसेने पुन्हा उभ्या करतात. पहिल्या अर्थाने, म्हणजे बाजारातल्या अर्थाने, ही गाडी पुरती विश्वासार्ह होती.

प्रश्न होता तो पेट्रोलच्या टाकीचा. पिकअपचा कणा म्हणजे तिची चासी : पुढून मागपर्यंत गेलेले दोन जाड पोलादी दांडे आणि त्यांना जोडणारे आडवे भाग. या मालिकेत टाकी, आणि दोन असल्यास दोन्ही टाक्या, या दांड्यांच्या बाहेर, हौद्याच्या पत्र्याच्या आड बसवलेल्या होत्या. अशी जागा घेतल्यामुळे इंधन जास्त मावे. दोन टाक्यांत मिळून ४० गॅलन, म्हणजे सुमारे दीडशे लिटर. पण कोणी कुशीत धडक दिली तर येणारी गाडी आणि पेट्रोल यांच्यामध्ये पातळ पत्र्यापलीकडे काही उरत नसे. १९८८ च्या नव्या रचनेत कंपनीने टाकी दांड्यांच्या आत घेतली. कंपनीचे म्हणणे असे की जुनी गाडी त्या काळी लागू असलेल्या संघराज्यीय मानकात बसत होती (ताशी २० मैल वेगाची आडवी धडक हे ते मानक), आणि सर्व प्रकारच्या अपघातांचा एकत्र हिशेब केला तर ती इतर कंपन्यांच्या गाड्यांहून अधिक घातक ठरत नव्हती. हे म्हणणे उडवून लावण्याजोगे नव्हते. मात्र मानकात बसणे आणि सुरक्षित असणे यांत अंतर असते, हेही तितकेच खरे.

येथे पहिली विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे. गाडी भिकार असती तर दहा वर्षांत भंगारात गेली असती आणि तिच्याबरोबर टाकीही गेली असती. इंजिन टिकाऊ होते म्हणूनच टाकी रस्त्यावर राहिली. ज्या गुणासाठी लोकांनी गाडीवर विश्वास टाकला, त्याच गुणाने तिच्या दोषाचे आयुष्य वाढवले. साहित्यातही असे घडते. भाषा इतकी घोटीव असते की तिच्या पोटातले असत्य पिढ्यान्‌पिढ्या टिकून राहते.

१९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात आम्ही तीन वर्षे इंडियाना राज्यातल्या एका विद्यापीठाच्या गावी राहत होतो. आमचे शेजारी निवृत्त सुतार होते, आणि त्यांच्याकडे १९८३ सालची ही गाडी होती. आम्ही जुने फर्निचर विकत घेतले की ते न मागता हौदा रिकामा करून दारात उभे राहत. बाकावर ते, आम्ही, आणि मधे आमची पाच वर्षांची मुलगी. टाक्यांविषयी आम्हांला कळले ते त्यांच्याचकडून. एकदा नकाशा काढण्यासाठी त्यांनी समोरचा खण उघडला, तेव्हा त्यातून एक जाड लिफाफा बाहेर आला. कंपनीविरुद्धच्या सामूहिक दाव्यात तडजोड प्रस्तावित झाली असल्याचे ते जुने पत्र होते. गाडीमालकांस नव्या ट्रकच्या खरेदीवर १,००० डॉलरची सवलत, असा त्याचा सारांश. पत्र वकिली भाषेत होते आणि लांबलचक होते. आम्ही ते व्यवसायधर्माप्रमाणे शेवटपर्यंत वाचले. टाकी हलवून देऊ, असे त्यात कुठेही नव्हते.

शेजाऱ्यांचा हिशेब सरळ होता. हजार डॉलर मिळवायचे तर आधी पंधरा-वीस हजार खर्चायचे, आणि तेवढे असते तर जुनी गाडी ठेवलीच कशाला असती? शिवाय या गाडीने त्यांना कधी दगा दिला नव्हता. ते हसत म्हणाले की माणसांपेक्षा हिचा भरवसा अधिक. त्यानंतरही आम्ही त्या गाडीतून गेलो, मुलीला मात्र नेले नाही. तिला का आणले नाही, हे त्यांनी एकदाही विचारले नाही. त्यांच्या मौनात सौजन्य होते आणि बहुधा समजही होती. धोका त्यांना ठाऊक होता. तो दूर करण्याची ऐपत नव्हती. अज्ञान आणि नाइलाज यांतला हा फरक सुरक्षिततेच्या आकडेवारीत दिसत नाही.

आकडेवारीवरून आणखी एक मजकूर आठवतो. १९७३ साली जनरल मोटर्सच्या एका अभियंत्याने एक छोटेसे टिपण लिहिले. ते या ट्रकविषयी नव्हते, कंपनीच्या सर्वच मोटारींविषयी होते. अपघातानंतर इंधन पेटून वर्षाला जास्तीत जास्त ५०० माणसे दगावतात, एका जिवाची किंमत २ लाख डॉलर, आणि रस्त्यावर कंपनीच्या ४ कोटी १० लाख गाड्या. भागाकार केला की दर गाडीमागे सुमारे २ डॉलर ४० सेंट. हे टिपण पुढे अनेक खटल्यांत गाजले. विलक्षण गोष्ट अशी की मानवी जिवाचे मोल खरे तर ठरवताच येत नाही, अशी पुस्तीही त्याच लेखकाने त्यात जोडली आहे. ते टिपण वाचताना खलनायक सापडत नाही. सापडतो तो एक कारकुनी आवाज, ज्याला आपण काय लिहीत आहोत हे अंधूकसे जाणवते आहे आणि तरीही जो भागाकार पूर्ण करतो. निवेदकाचा स्वर कसा ओळखावा हे शिकवण्यास याहून नेमका उतारा ललित वाङ्मयात शोधावा लागेल.

आता त्या ठिणगीविषयी. १७ नोव्हेंबर १९९२ रोजी एनबीसी वाहिनीच्या 'डेटलाइन' या कार्यक्रमात या टाक्यांवर एक वृत्तान्त दाखवला गेला. त्यात खऱ्या अपघातांची आणि खऱ्या कुटुंबांची माहिती होती. पण अखेरीस, इंडियानातच खास घडवून आणलेल्या धडकेचे एक मिनिटाहूनही कमी वेळाचे चित्रण होते : गाडी आदळते आणि ज्वाळा उसळतात. पुढे ४ फेब्रुवारी १९९३ रोजी अटलांटातील ज्युरीने, अशाच ट्रकमध्ये जळून गेलेल्या १७ वर्षांच्या मुलाच्या आईवडिलांना १० कोटी ५० लाख डॉलरहून अधिक भरपाई मंजूर केली. (हा निर्णय १९९४ मध्ये अपिलात रद्द झाला.) त्या निकालानंतर चारच दिवसांनी, ८ फेब्रुवारीस, कंपनीचे मुख्य विधिज्ञ हॅरी पिअर्स पत्रकारांपुढे उभे राहिले. चाचणीतले ट्रक कंपनीने भंगारातून शोधून काढले होते. ट्रकच्या खाली खेळण्यातल्या अग्निबाणांची छोटी इंजिने बांधलेली होती. टाकीचे झाकण मूळचे नव्हते, त्यातून पेट्रोल गळले होते. वेग सांगितला त्याहून अधिक होता. दुसऱ्याच दिवशी वाहिनीने प्रक्षेपणातच माफी मागितली. मार्च महिन्यात वृत्तविभागाचे अध्यक्ष मायकेल गार्टनर यांनी राजीनामा दिला.

त्या दिवसापासून ही गोष्ट टाकीची उरली नाही. ती वाहिनीची झाली. पत्रकारितेच्या वर्गांत ती आजही त्याच नावाने शिकवली जाते. इकडे टाकी होती तिथेच होती. सरकारी यंत्रणेने एप्रिल १९९३ मध्ये कंपनीस स्वेच्छेने गाड्या परत बोलावण्याची विनंती केली. कंपनीने नकार दिला. १७ ऑक्टोबर १९९४ रोजी परिवहन मंत्री फेदेरिको पेन्या यांनी या रचनेत सुरक्षिततेचा दोष असल्याचा प्राथमिक निष्कर्ष जाहीर केला. धडकेतून वाचू शकली असती अशी सुमारे १५० माणसे आगीने गेली, असे त्यांनी सांगितले. डिसेंबरमध्ये तडजोड झाली : कंपनीने सुरक्षाविषयक कार्यक्रमांसाठी ५ कोटी १० लाख डॉलरहून अधिक रक्कम द्यावी, आणि सरकारने तपास बंद करावा. सवलतीच्या त्या पत्रातली मूळ तडजोडही १९९५ मध्ये अपील न्यायालयाने अमान्य केली. गाड्या परत बोलावल्या गेल्या नाहीत त्या नाहीतच.

आमच्या एम.ए.च्या वर्गात ही हकिगत सांगितली की वाद ठरलेला असतो. एक बाजू म्हणते, दावा खरा होता ना? मग ठिणगी थोडी मदतीला घेतली तर बिघडले काय? कादंबरीकार तेच करतो. या म्हणण्यात तथ्य असते तर आम्हांस आनंदच झाला असता, कारण त्यामुळे आमच्या विषयाचा मान वाढला असता. पण कादंबरीकार ठिणगी पेटवतो ती वाचकाशी झालेल्या करारानुसार; घडले नाही ते सांगतो आहे, हे दोघांनाही मान्य असते. साक्षीदाराचा करार उलटा असतो. त्याने पुराव्यात स्वतःची काडी घातली की त्या काडीने त्याची खरी वाक्येही जळून जातात, आणि त्या वाक्यांत ज्यांची दुःखे होती त्यांचीही हानी होते. बनावट चित्रणाची किंमत वाहिनीने मोजली, हे अर्धसत्य आहे. ती किंमत टाकीवर बसून गाडी चालवणाऱ्यांनीही मोजली असावी, असे आम्हांस वाटते.

दुसरी बाजू म्हणते, साक्षीदार खोटा ठरला, प्रश्न मिटला. हे अधिक धोक्याचे, आणि साहित्याच्या विद्यार्थ्याने तर या चुकीपासून फार जपले पाहिजे. निवेदक अविश्वसनीय आहे हे उमगल्यावर चांगला वाचक पुस्तक मिटत नाही; तो अधिक सावधपणे वाचू लागतो, कारण त्या निवेदनाच्या आड काहीतरी खरोखर घडलेले असते. अग्निबाण बांधणाऱ्यांनी खोटेपणा केला म्हणून पोलादी दांड्यांच्या बाहेरची टाकी आत सरकली नव्हती. पिअर्स यांचे भाषण अचूक होते, त्यातला एकेक तपशील खरा होता, आणि तरीही मूळ प्रश्नाचे ते उत्तर नव्हते. खोट्याने खऱ्याची बाजू मांडावी आणि खऱ्याने ती झाकावी, असा हा प्रसंग आहे.

'रिकॉल' या शब्दाला मराठीत अजून रुळलेला प्रतिशब्द नाही. आपल्याकडे २०१९ च्या मोटार वाहन दुरुस्ती कायद्यात कलम ११०-अ आले आणि सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार सरकारला मिळाला. तेव्हापासून वृत्तपत्रे 'गाड्या माघारी बोलावल्या' असे लिहितात. आम्हांस हे क्रियापद आवडते. माघारी बोलावण्यात, आपण पाठवणी केलेल्या वस्तूशी आपले नाते संपलेले नाही, याची कबुली असते. त्या इंग्रजी शब्दाला आठवण्याचाही अर्थ आहे, आणि आठवण ठेवणे हे तर आपलेच काम. या लाखो गाड्यांना त्यांच्या घरच्यांनी माघारी बोलावले नाही. त्या एकेक करून गंजल्या, भंगारात गेल्या, काही हौशी मंडळींच्या अंगणात पुन्हा रंगल्या. त्यांतल्या पुष्कळांचे इंजिन अजूनही पहिल्या किल्लीला सुरू होते.