पुलापर्यंत जाऊन परत येणे

जुलै उजाडला की आमच्या कुरुंदवाडात माणसे एकमेकांना तब्येत विचारण्याआधी ‘फूट किती?’ असे विचारतात. दुधाच्या रांगेत, मशिदीच्या वजूखान्यात, एसटी स्टँडवर, सगळीकडे हाच प्रश्न. कोल्हापूरजवळच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी आणि ४३ फुटांवर गेली की धोका पातळी, हे इथल्या तिसरीतल्या पोरालाही पाठ असते. सांगलीच्या आयर्विन पुलाचे आकडे वेगळे, तिथे इशारा ४० फुटांचा आणि धोका ४५ फुटांचा. दोन्हीकडचे फूट विचारावे लागतात, कारण आमचे गाव दोन नद्यांच्या हिशेबात अडकलेले आहे. पंचगंगा इथून पुढे जाऊन नरसोबाच्या वाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच फुगलेली असेल तर ती पंचगंगेला आत घेत नाही. मग पंचगंगेचे पाणी मागे सरकून आमच्या शिवारात पसरते.

म्हणूनच आमच्याकडचा पूर बाहेरच्या माणसाला कळत नाही. पाऊस कोयनेच्या, वारणेच्या, राधानगरीच्या डोंगरात पडलेला असतो. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे तिकडे उघडतात. इकडे आमच्या अंगणात ऊन पडलेले असते, दोरीवर कपडे वाळत असतात आणि रस्त्यावरचे पाणी चढत असते. पाऊस उघडला म्हणजे धोका टळला, असे इथे समजता येत नाही. उलट आभाळ निवळल्यावर माणूस निर्धास्त होतो आणि गाडी बाहेर काढतो.

मी पंचगंगेपलीकडच्या एका शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. लग्न होऊन इथे आल्यापासून रोज नदी ओलांडते आहे. आधी एसटीने आणि वडापने, आता स्कूटीने. वर्षाचे अकरा महिने हा रस्ता म्हणजे दोन्ही बाजूंना ऊस, मध्येच ट्रॅक्टर, आणि हिवाळ्यात साखर कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्या. पावसाळ्यातले काही दिवस मात्र हाच रस्ता रोज सकाळी एक निर्णय मागतो, जायचे की नाही.

२०१९ आणि २०२१ चे महापूर सर्वांनी पाहिले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी दोन्ही वेळा ५५ फुटांच्या वर गेले. पुणे-बंगळूर महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन बंद पडला. शेकडो ट्रक रांगेत उभे राहिले. २०१९ ची बकरी ईद १२ ऑगस्टला होती आणि शिरोळ तालुक्यातल्या कित्येक घरांनी ती छावणीत काढली. पण एवढ्या मोठ्या पुरात जायचे की नाही हा प्रश्नच उरत नाही. रस्ताच नसतो, माणूस मुकाट्याने सामान माळ्यावर चढवतो. खरी कसोटी लागते ती त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या दिवसांत. रस्ता अजून दिसतो आहे, पाणी घोट्याएवढे आहे, पुढचा मोटारसायकलवाला पाय वर उचलून निघून गेला आहे, आणि घड्याळात पावणेदहा वाजले आहेत.

२०२४ च्या जुलैत पाणी वाढत असतानाची अशीच एक सकाळ. रस्त्याच्या सखल भागावर पाणी आले होते. मी वरिष्ठांना फोन केला. उत्तर आले, ‘बघा, जमतंय का.’ या तीन शब्दांचा मी नंतर फार विचार केला. यात ‘या’ असा हुकूम नाही आणि ‘येऊ नका’ असा निरोपही नाही. सांगणाऱ्याच्या अंगाला काही लागत नाही आणि ऐकणाऱ्याच्या डोक्यावर सगळे ओझे येते. न गेल्यास एक रजा जाते. शिवाय ‘बाकीचे आले, याच तेवढ्या आल्या नाहीत’ हे कानावर येते ते वेगळेच. बाईमाणूस असेल तर ‘घाबरल्या असतील’ हेही जोडले जाते.

पाण्याच्या कडेला एक वडापवाला जीप आडवी लावून उभा होता. आत पाच-सहा माणसे, त्यांत कॉलेजची दोन पोरे. पोरे त्याला म्हणत होती, ‘मामा, काढा की, एवढ्याशा पाण्याला काय हुतंय?’ त्या माणसाची हयात या रस्त्यावर गेलेली. तो म्हणाला, ‘रस्ता माज्या पायाखालचा हाय. पर आज रस्ता दिसतोय कुठं? कडंचा भराव खचलाय का ऱ्हायलाय, कोण सांगणार?’ त्याने सगळ्यांचे पैसे परत केले आणि जीप वळवली. मला म्हणाला, ‘मॅडम, पोरं काय उद्याबी शिकतील.’ मी त्याच्यामागून घरी परतले. त्या दिवसाची माझी रजा मांडली गेली. त्या वडापवाल्याची मात्र दिवसाची कमाई बुडाली होती, आणि ती त्याने पाच-सहा परक्या माणसांसाठी बुडवली होती.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, २ ऑगस्ट २०२४ ला, आमच्याच तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यात एक ट्रॅक्टर-ट्रॉली उलटली. काही जण वाचले, काही जण परत आले नाहीत. ट्रॅक्टर म्हणजे आमच्याकडे पुरातली सर्वांत भरवशाची सवारी. उंच, वजनदार, चिखलाला न जुमानणारा. तोही पाण्याला पुरा पडला नाही.

आमच्या शाळेतल्या विज्ञानाच्या सरांना मी विचारले, एवढे जड वाहन पाणी ढकलते कसे? त्यांनी फळ्यावर साधा हिशेब मांडला. एक घनमीटर पाण्याचे वजन एक हजार किलो. लहान मोटार साधारण साडेतीन मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे तिचा तळ सुमारे पाच चौरस मीटरचा. हा तळ वीस सेंटिमीटर पाण्यात बुडाला की गाडी एक घनमीटर पाणी बाजूला सारते, आणि पाणी तिला हजार किलोच्या जोराने वर उचलते. लहान मोटारीचे स्वतःचे वजन आठशे-नऊशे किलो. म्हणजे रस्त्यावर गुडघ्याच्या खाली पाणी असतानाच चाकांची पकड सुटू लागते, आणि मग वाहत्या पाण्याचा एक धक्का पुरतो. सर म्हणाले, ‘गाडी वजनाने तरून जात नाही, ती होडी होते. आणि होडीला ब्रेक नसतो.’ चालणाऱ्या माणसाचा तोल तर वीतभर खोल पण वेगाच्या पाण्यातही जाऊ शकतो. त्यात पाणी गढूळ असले की खालचा खड्डा, उघडी गटार, वाहून गेलेली साइडपट्टी यातले काहीच दिसत नाही.

पूल दिसतो म्हणून तो शाबूत आहे असेही नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात कोसळला. दोन एसटी बसगाड्या त्या काळोखात सरळ नदीत गेल्या. त्यातल्या माणसांनी काही धाडस केले नव्हते, ती फक्त आपल्या गावाहून निघाली होती.

माझा भाचा कॅनडात मॉन्ट्रियलला असतो. तिकडे पाण्याऐवजी बर्फ. त्याला मी फोनवर विचारले, तुम्ही कामावर जाता कसे? तो म्हणाला, ‘खाला, इथे १ डिसेंबरपासून १५ मार्चपर्यंत गाडीला बर्फाचे वेगळे टायर लावणे कायद्यानेच सक्तीचे आहे. गाडीत फावडे, ब्लँकेट, बॅटरी ठेवतो. आणि वादळ मोठे असले की शाळा बंद असल्याचे पहाटेच कळते, त्याची कुणाला लाज वाटत नाही.’ हे शेवटचे वाक्य माझ्या मनात राहिले. बर्फात मरण येते तेही किती साध्या कारणाने! जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानात मरी इथे बर्फ बघायला गेलेल्या पर्यटकांच्या गाड्या रस्त्यात अडकल्या आणि वीसहून अधिक माणसे गेली. गारठ्यापासून वाचण्यासाठी काच बंद करून इंजिन सुरू ठेवायचे, बर्फाने धुराचे नळकांडे बुजायचे आणि विषारी वायू आत भरायचा. त्याला ना रंग, ना वास. मुले मागच्या सीटवर झोपलेली वाटावीत असे ते मरण.

माझ्या दोन भाषांपैकी मराठीत आपण ‘रजा’ म्हणतो. हा शब्द अरबीतून आला, तिथे त्याचा अर्थ राजीखुशी, संमती. उर्दूत सुट्टीला ‘रुखसत’ म्हणतात. हाच शब्द शरीअतच्या परिभाषेत सवलतीसाठी येतो. मुसाफिराला नमाज कमी करण्याची रुखसत, आजाऱ्याला रोजा पुढे ढकलण्याची रुखसत. आणि पावसाची रुखसत तर आपल्यातल्या पुष्कळांना ठाऊकच नसते. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांनी मुसळधार पावसाच्या जुम्याच्या दिवशी मुअज्जिनला सांगितले की अजानमध्ये ‘नमाजला या’ असे न पुकारता आपापल्या घरी नमाज पढा असे पुकार. लोकांना नवल वाटले. तेव्हा ते म्हणाले की माझ्यापेक्षा श्रेष्ठ असणाऱ्यांनी असेच केले आहे. लोकांना चिखलातून घसरत यायला लावणे त्यांना पसंत नव्हते.

विचार करा, बहिणींनो. जुम्याची नमाज फर्ज आहे. तिच्यासाठी सुद्धा पावसात घरी थांबायची मुभा आहे, आणि ती मुभा चोरून घ्यायची नाही, तर मिनारावरून सर्वांना ऐकू जाईल अशी पुकारायची आहे. मग हजेरीपत्रकावरच्या सहीसाठी, दुकानाच्या शटरसाठी, एखाद्या साखरपुड्याच्या दावतीसाठी आपण वाहत्या पाण्यात गाडी का घालतो? ‘अल्लाह मालिक आहे’ असे म्हणून किक मारणे म्हणजे तवक्कुल नव्हे. उंट आधी बांधायचा, मग भरवसा ठेवायचा, ही रसूलुल्लाह (स.) यांची शिकवण आपण मुलांना मकतबमध्ये शिकवतो. आमच्या गावात उंट बांधणे म्हणजे गाडी स्टँडवर लावून किल्ली खिळ्याला अडकवणे.

यावर कुणी म्हणेल, मास्तरीणबाईंना पगारी रजा आहे, हातावर पोट असणाऱ्याने काय करावे? प्रश्न रास्त आहे. इचलकरंजीच्या मागावर जाणाऱ्याचा खाडा म्हणजे त्या दिवसाची मजुरी गेली. धुणीभांडी करणाऱ्या बाईचा खाडा म्हणजे मालकिणीची बोलणी. त्यांना नुसते ‘जाऊ नका’ सांगणे सोपे आहे. म्हणून रुखसत एकट्याने घ्यायची गोष्ट राहू नये. मालकाने ती द्यायची, वरिष्ठाने ती स्वतःहून पुकारायची. ज्याच्या हातात हजेरी आहे त्याने ‘बघा, जमतंय का’ न म्हणता ‘आज येऊ नका’ असे स्पष्ट म्हणायचे. आणि मोहल्ल्याने अशा आठवड्यात चार घरांच्या पिठाची-तेलाची काळजी वाहायची. २०१९ मध्ये कुर्बानीच्या खर्चातला वाटा पूरग्रस्तांना देणारी घरे याच पट्ट्यात होती. तेव्हा भाकरी बांधताना पूरग्रस्त कोणत्या जातीचा हे कुणी विचारले नाही. त्यानंतर तीनच आठवड्यांत मोहरम आणि गणेशोत्सव एकत्र आले. मशिदीत गणपती बसवण्याची रीत असलेल्या आमच्या गावाला हे शेजारपण नवे नव्हते.

आमच्या शाळेतल्या आम्ही चौघी नदीपलीकडून येतो. आता आम्ही आपसात काही गोष्टी ठरवल्या आहेत. पाणी चढत असेल तर सकाळी सहाला फूट पाहायचे आणि त्याच वेळी ठरवायचे, पुलावर जाऊन नाही. पाण्यापाशी उभे राहिले की पुढे जाणारे चार जण दिसतात आणि अक्कल त्यांच्यामागे जाते. रस्त्यावर वाहते पाणी असेल तर ते किती खोल आहे याची चर्चाच करायची नाही, परत फिरायचे. सकाळी गेलो आणि दुपारी पाणी वाढले तर पलीकडेच मुक्काम करायचा. त्यासाठी एकीचे माहेर ठरलेले आहे आणि पिशवीत एक जोडी कपडे, औषध, चार्जर असतो. अंधार पडल्यावर पाण्यातून यायचे नाही, घरी कुणी कितीही वाट पाहत असले तरी. पाणी ओसरल्यावरही पहिल्या दिवशी घाई नाही. रस्त्याखालचा भराव धुपून वरचे डांबर तेवढे उरलेले असू शकते, म्हणून बांधकाम खात्याने रस्ता खुला केल्यावरच जायचे. वर्गातल्या मुलांनाही हेच सांगतो. पुढच्या तासाला विचारतो, पूर बघायला पुलावर कोण गेले होते? हात वर येतात, मग बोलणे होते.

राहता राहिला घरातल्यांचा वाटा. आपल्याकडे बाहेर निघालेल्याला ‘जाते’ म्हणू देत नाहीत, ‘येते’ म्हणायला लावतात. सफरची दुआ पढून निघतो. माणूस घरी परत यावा एवढेच त्यामागे असते. तेव्हा तुमचा नवरा, मुलगा, सून, लेक पाण्याच्या कडेवरून माघारी आली, तर दारात ‘बाकीचे कसे गेले?’ असे विचारू नका. चहा टाका. आमच्या घरी सासूबाई तेवढेच करतात. रजा मांडलेल्या त्या दिवशी त्यांनी मला काही विचारले नाही. दुपारच्या जेवणाला माझी थाळी वाढली आणि म्हणाल्या, ‘बैठ बेटी, गरम है.’