बापाचा तिकीट नंबर

मुंबईच्या गिरणगावातल्या पोरांना बाप पाळीप्रमाणे मिळायचा. पहिली पाळी असली की दुपारनंतर तो घरी, म्हणून संध्याकाळ पोरांची. दुसरी पाळी असली की बापाची खरी भेट सुट्टीच्या दिवशीच. तो रात्री यायचा तेव्हा पोरं झोपलेली आणि पोरं सकाळी शाळेला निघायची तेव्हा तो झोपलेला. रातपाळीत तर चाळीतली ती एकच खोली दिवसभर त्याच्या झोपेच्या मालकीची. आम्ही भावंडं गॅलरीत बसून अभ्यास करायचो आणि आत कुणाच्या हातून भांडं पडलं तर आई नुसती बघायची. "बाबा झोपलेत" हे आमच्या घरातलं सगळ्यात जास्त वेळा बोललं गेलेलं वाक्य असेल.

बाबा साचेखात्यात, म्हणजे मागांच्या खात्यात होते. शेकडो साचे एकदम चालतात तिथे शेजारच्याचा शब्दही ऐकू येत नाही. विणकर हाताच्या खुणांनी आणि ओठांच्या हालचालींवरून एकमेकांशी बोलत. तीच सवय बाबा घरी घेऊन येत. मी काही सांगायला लागले की ते माझ्या ओठांकडे एकटक बघत. माझं बोलणं इतकं मन लावून ऐकणारं जगात दुसरं कुणी नाही, असं मला वाटायचं. मोठी झाल्यावर कळलं की साच्यांच्या खडखडाटानं त्यांचं ऐकणं कमी झालं होतं. पण म्हणून माझी लहानपणची समजूत खोटी ठरली नाही. ऐकू कमी येत असताना लेकीचं बोलणं निसटू नये म्हणून त्यांनी डोळे कामाला लावले होते.

गिरणी कामगारानं बाप होणं काय असतं, याचा एक मोठा दाखला आपल्याच साहित्यात आहे. गंगाराम सुर्वे या कामगारानं रस्त्यावर सापडलेलं तान्हं मूल उचलून घरी आणलं, त्याला आपलं नाव दिलं, शाळेत घातलं. पुढे निवृत्त होऊन कोकणात गावी परतताना त्यांनी त्या पोराच्या हातावर दहा रुपये ठेवले. पोरगा मुंबईत एकटा राहिला आणि मिळेल ते काम करत वाढला. ते नारायण सुर्वे. 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला संग्रह 1962 साली आला. मराठी कवितेत सुर्वे हे आडनाव आलं ते असं, एका कामगारानं दिलेलं. ज्याच्याकडे देण्यासारखं काही नाही असं जग समजतं, त्यानं नाव दिलं, अक्षर दिलं, आणि निघताना असतील नसतील ते दहा रुपये दिले.

18 जानेवारी 1982 रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार त्यात होते. पगारवाढ हवी होती, वर्षानुवर्षं बदलीवर राबणाऱ्यांना कायम करायला हवं होतं, आणि धंद्यात एकाच युनियनला मान्यता देणारा 1946 चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा नको होता. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांच्यावर कामगारांचा विश्वास होता. बाबा म्हणाले, शिमग्यापर्यंत मिटेल. शिमगा गेला, तेव्हा म्हणाले, गणपतीपर्यंत मिटेल. पावसाळ्यात ते लावणीला गावी, संगमेश्वरकडे, गेले आणि परत आले ते पाठीवर तांदळाचं गाठोडं घेऊन. आईची पाटली आधी गहाण पडली, मग विकली गेली. आई आणि मी पापड लाटायला लागलो. दादानं कॉलेज सोडून एका वर्कशॉपमध्ये रात्रीचं काम धरलं.

त्या दिवसांतलं एक दृश्य माझ्या मनातून जात नाही. दादा रातपाळी करून आला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा आणि बाबा गॅलरीत स्टूल टाकून बसायचे. खेळणाऱ्या पोरांना ते हळूच सांगायचे, "जरा पलीकडं जा रे, दादा झोपलाय." पंचवीस वर्षं ज्याच्या झोपेची राखण घरानं केली, तो आता लेकाच्या झोपेची राखण करत होता. कमाई लेकाकडे गेली, पण राखणदारी बाबांनी सोडली नाही. काम गेलं की बाप खचतो, व्यसनाला लागतो, घर मोडतं, हे आमच्या चाळीतही झालं. त्या बापांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आमच्या बाबांना तारलं ते एवढ्यानंच, की पैसा नसतानाही घरात करण्यासारखं काहीतरी त्यांना रोज सापडत राहिलं.

त्याच वर्षी शाळेत एक फॉर्म भरायचा होता. 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यापाशी मी थांबले. काय लिहू, म्हणून विचारलं. बाबा जराही न घुटमळता म्हणाले, "गिरणी कामगार लिही. संप आहे, आपण काही कामगाराचे दुसरे कोण झालो नाही." मी लिहिलं. त्या शब्दांचा आधार मला पुढे आयुष्यभर पुरला. माणसाचं काम त्याच्याकडून काढून घेता येतं, पण त्यानं केलेलं काम काढून घेता येत नाही, हे मी तिथे शिकले.

संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. गिरण्या एकेक करून थंड पडल्या. कुणी हिशोब घेऊन गावी गेले, कुणी भाजीची पाटी घेतली, कुणी इमारतींच्या दारात वॉचमन झाले. बाबाही झाले. जमिनींचं पुढे काय होणार, याचा नियम 1991 साली आला: गिरणीची जमीन विकायची तर एक हिस्सा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला आणि एक मालकाला. 2001 साली नियम बदलला आणि वाटणी फक्त आधीच मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. 2006 साली सर्वोच्च न्यायालयानं तो बदल कायम ठेवला. घरांच्या वाट्याला येणारी जमीन आकसली. तरीही कामगारांनी मोर्चे काढले, धरणी धरली, आणि 1 जानेवारी 1982 रोजी किंवा त्यानंतर कामावर असलेल्यांना आणि त्यांच्या वारसांना घरांचा हक्क मिळवला.

बाबांनी पत्र्याच्या पेटीत सगळं जपलं होतं: ओळखपत्र, ईएसआयचं कार्ड, फंडाच्या स्लिपा, पगाराच्या पावत्या. कागद विरले होते, पण तिकीट नंबर, म्हणजे गिरणीतला त्यांचा कामगार क्रमांक, वाचता येत होता. घराचा अर्ज भरायला निघालो तेव्हा मला संकोच वाटतोय हे त्यांनी ओळखलं. म्हणाले, "आपल्या घामाचं मागतोय, भीक नाय." ते गेले तेव्हा तो नंबर आमच्याकडे आला. मग दाखले, प्रतिज्ञापत्रं, भावंडांची संमती, आणि त्या रांगा. रांगेत सगळी माझ्यासारखीच: पन्नाशी ओलांडलेली पोरं, हातात प्लास्टिकच्या पिशवीत बाप. एकमेकांना विचारायची ते नाव नव्हे; कुठली गिरणी, कुठलं खातं, वडील कुठल्या पाळीला. अनोळखी माणसाशी बापाबद्दल इतकं बोलणारी माणसं मी दुसऱ्या कुठल्या रांगेत पाहिली नाहीत.

अर्ज दीड लाखांहून जास्त. 2012 च्या सोडतीत 6,925 घरं निघाली, 2016 च्या एका सोडतीत 2,634, 2020 मध्ये 3,894. घर 225 चौरस फुटांचं. बाहेरचे विचारतात, एवढ्याशा घरासाठी इतकी वर्षं? मला वाटतं, आम्ही नुसतं घर मागत नाही. सरकारी यादीत बापाचं नाव, गिरणी आणि तिकीट नंबर छापून यावा, त्याचा घाम कुठेतरी नोंदला जावा, हे आम्ही मागतो. बाप आमच्यासाठी आशा धरून राबला; आता त्याच्यासाठी आशा धरण्याची पाळी आमची आहे, आणि ती आम्ही आनंदानं करतो.

पण या चिकाटीचं कौतुक करून कुणी मोकळं होऊ नये. आशा बापाकडून लेकराकडे जाते, म्हणून ती पुढे ढकलत राहायची मुभा कुणाला मिळत नाही. अजून कितीतरी कामगार हयात आहेत, गावाकडच्या पडवीत, उपनगरातल्या लेकाच्या घरात. त्यांचा हक्क वारसाच्या हाती पडण्याआधी त्यांच्या स्वतःच्या हाती पडला पाहिजे. लेकरांनी बापासाठी खूप रांगा लावल्या. आता बापानं स्वतःच्या घराचं कुलूप स्वतःच्या हातानं उघडावं आणि लेकरांनी ते शेजारी उभं राहून पाहावं, एवढं या शहरानं करायलाच हवं. या शहराचं कापड त्यांनीच विणलं आहे.